हिरवा बेस ड्रम

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका गराजमध्ये, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी, जुन्या चादरीवर तीन ड्रम मांडून ठेवले होते. बावीस इंची बेस (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), तेरा इंची टॉम (त्यावर बसणारा छोटा) आणि सोळा इंची फ्लोअर टॉम (आपल्या पायांवर जमिनीवर उभा राहणारा). लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचा ‘सुपर क्लासिक’ संच, रंग निळा स्पार्कल, म्हणजे चमचमता निळा. विकणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे. घ्यायला आलेला मुलगा पुण्याचा, इथे नोकरीला, सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये वाजवणारा. त्याने फोनचा टॉर्च लावून तिन्ही ड्रममध्ये डोकावून पाहिलं आणि पाच मिनिटांत निकाल लावला. बेस ड्रम हिरवट, दोन्ही टॉम निळे. बेसच्या आत नुसतं वार्निश मारलेलं लाकूड, टॉमच्या आत ठिपक्यांचा करडा रंग. बेसमधला तारखेचा शिक्का फेब्रुवारी १९६८चा, छोट्या टॉममधला ऑगस्टचा, आणि फ्लोअर टॉममध्ये शिक्क्याच्या जागी लाल फराटा. ड्रमवर बाहेरून लावलेल्या कंपनीच्या बिल्ल्यांवरचे सहा आकडी क्रमांक एकमेकांपासून हजारोंनी लांब, आणि त्यातही जो ड्रम सगळ्यांत आधी बनला त्याचाच क्रमांक सगळ्यांत मोठा! “काका, तीन ठिकाणचा माल आणून एक संच केलाय,” तो हळूच मला मराठीत म्हणाला, “चला.” म्हाताऱ्याला भाषा कळली नाही, सूर मात्र बरोब्बर कळला. तो एवढंच म्हणाला, की हे तिन्ही ड्रम मी अठराव्या वर्षी, एकाच दिवशी, एकाच दुकानातून घरी आणले होते.

दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि तेच डोक्यातून जाईना.

हल्ली जुना ड्रम बघायला जाणारा माणूस आधी क्रमांकांची यादी बघतो. अमुक आकडा ते तमुक आकडा म्हणजे अमुक साल. या याद्या कारखान्यातून आलेल्या नाहीत. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ड्रम उघडून, आतला शिक्का आणि बाहेरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहून त्या जमवल्या आहेत. म्हणजे यादी ही सरासरी आहे, जन्मदाखला नव्हे. लुडविगच्या ‘कीस्टोन’ (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराच्या) बिल्ल्यावर क्रमांक येऊ लागले ते १९६३च्या अखेरीस. तेव्हाही ते ड्रमची नोंद ठेवायची म्हणून क्रमाने लावले जात नव्हते. बिल्ले पेटीत पडलेले असायचे. जोडणीच्या टेबलावरचा कामगार हात घालेल आणि जो हाताला लागेल तो बिल्ला शेलवर, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर, बसेल. पेटीच्या तळाशी राहिलेला बिल्ला काही महिन्यांनी बाहेर येणार, वरचा लगेच जाणार. तारखेचा लाल शिक्का मात्र सुतारकामाच्या बाजूला, लाकडी शेल तयार होताना पडायचा. शिक्का एका हाताचा, बिल्ला दुसऱ्या हाताचा, आणि मध्ये कोठारात पडून राहण्याचा काळ. बावीस इंची बेसचं शेल फेब्रुवारीत तयार होऊन उन्हाळाभर मांडणीवर बसून राहिलं आणि शेवटी त्याला सप्टेंबरात आलेल्या पेटीतला बिल्ला मिळाला, तर त्यात फसवणूक काही नाही. त्यावर पुन्हा दुकानदार. संच म्हणजे कारखान्यातून एका खोक्यात निघालेली भावंडं, असं आपण धरून चालतो. दुकानदार मात्र मालाच्या खोलीतून त्याच रंगाचा एक बेस, एक टॉम आणि एक फ्लोअर टॉम काढून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा.

मला तर उलट जाणारा संच दिसला की धास्ती वाटते. तीन ड्रम, तीन सलग क्रमांक, आत तिन्हींत एकाच तारखेचे ठळक, सरळ, लालबुंद शिक्के. नवे, हुबेहूब जुन्यासारखे बिल्ले आज विकत मिळतात, आणि रबरी शिक्का करून घ्यायला कितीसा वेळ लागतो? खरा शिक्का क्वचितच सरळ असतो. तो तिरका पडलेला असतो, कधी उलटा, कधी दोनदा, कधी शाई सांडल्यासारखा. पन्नास वर्षांत ती शाई लाकडाच्या रेषांत उतरते आणि तिचा लाल रंग विटकरीकडे झुकतो. बिल्ल्याचंही तसंच. लुडविगचा बिल्ला हवेच्या छिद्रातून आरपार गेलेल्या छोट्या पितळी नळीने धरलेला असतो, आणि नळीचं टोक आतल्या बाजूला फुलवलेलं असतं. बिल्ला बदलायचा तर ती नळी मोडावीच लागते. म्हणून आकडा वाचण्याआधी आत टॉर्च मारून ते फुललेलं टोक बघावं. कडा एकसारखी, मळलेली, आजूबाजूच्या लाकडाइतकीच जुनी असेल तर बिल्ला हललेला नाही. टोकाभोवती पक्कडीचे ओरखडे किंवा ताजं चकाकतं पितळ दिसलं, तर तो आकडा कितीही जुळला तरी त्याचा उपयोग नाही.

असा विस्कळीतपणा त्या कारखान्यात का होता, याचं उत्तर एका रविवारच्या रात्रीत आहे. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात पहिल्यांदा प्रत्यक्ष वाजवताना दिसले. सुमारे ७.३ कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि त्यांचा ड्रमर रिंगो याच्या ‘ऑयस्टर पर्ल’ (मोत्यासारख्या लहरी) काळ्या संचावर, बेसच्या तोंडावर ठळक अक्षरांत लुडविगचं नाव होतं. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेतल्या प्रत्येक गल्लीतल्या पोराला तोच ड्रम हवा होता. शिकागोतल्या नॉर्थ डेमन अॅव्हेन्यूवरच्या कारखान्यात दिवसपाळीला रात्रपाळी जोडली गेली. मागणी पुढे आणि माणसं मागे, अशी पुढची काही वर्षं गेली. त्या वर्षांतले ड्रम जवळून पाहिले की ती घाई स्पर्शाला कळते. एखादा लग, म्हणजे शेलवर बसवलेला धातूचा तुकडा, मिलिमीटरभर बाजूला बसलेला, त्यामुळे त्यात फिरणारी, कातडं ताणणारी टेन्शन रॉड उभी न राहता किंचित झुकलेली. बिल्ला वाकडा. आवाज दाबणाऱ्या आतल्या डँपरचं छिद्र आधी चुकीच्या जागी पाडून मग लाकडी खुंटीने बुजवलेलं आणि त्यावरूनच रंग मारलेला. हे दोष कारखान्याच्या दारातूनच बाहेर पडलेत, आणि तसेच राहू द्यावेत. एका गृहस्थांनी झुकलेला लग ‘दुरुस्त’ करायला नवीन छिद्र पाडलेलं मी पाहिलं आहे. आता त्या शेलला एक छिद्र जास्त आहे आणि रॉड अजून झुकलेलीच.

आता आतला रंग. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला लुडविगच्या शेलच्या आत पांढरा रंग असायचा. १९६१च्या सुमारास तो गेला आणि पारदर्शक वार्निश आलं, ज्यातून लाकूड दिसायचं. १९६८च्या सुमारास करड्यावर ठिपके असलेला ‘ग्रॅनिटोन’ आला. लोक ही सालं पाठ करतात आणि मग म्हणतात, वार्निशचा बेस आणि ग्रॅनिटोनचे टॉम, म्हणजे भेसळ. पण रंग बदलला त्या दिवशी कोठारातली जुनी शेलं कोणी फेकून दिली नाहीत. लहान टॉम भराभर खपायचे, त्यामुळे त्यांची नवी शेलं आधी आली. मोठ्या बेसची जुनी शेलं संपेपर्यंत वापरली गेली. बदलाच्या वर्षातला संच असा दुरंगी असणं हेच जास्त खरं वाटतं. वार्निशच्या शेलांतही गंमत आहे. शेल तीन पापुद्र्यांचं, मधला पॉप्लरचा, आणि आतला पापुद्रा कधी मेपलचा फिकट, तर कधी महोगनीचा तांबूस. एकाच संचात एक ड्रम गोरा आणि दुसरा सावळा निघाला तर दचकू नये. बघायचं ते दोन्ही टोकांना आतून बसवलेली मेपलची रिंग, तिचा जोड आणि तिच्यावर साचलेली धूळ. टॉमच्या आत बेसबॉलच्या बॅटच्या आकाराचा डँपर असतो. त्याचं फेल्ट आधी लाल असायचं, साठीच्या अखेरीस पांढरं झालं. एका टॉममध्ये लाल, दुसऱ्यात पांढरं, हेही त्याच वर्षांतलं. फेल्ट बदलणं पाच मिनिटांचं काम असल्यामुळे या पुराव्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

हिरव्या बेसचा घोटाळा मात्र कारखान्याने केलेला नाही, तो उन्हाने केला आहे. स्पार्कल म्हणजे शेलवर गुंडाळलेला रंगीत प्लास्टिकचा पत्रा, त्याला रॅप म्हणतात. त्यात खाली चमचम आणि वर पारदर्शक थर. हा वरचा थर काळाबरोबर पिवळा पडतो. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा. शाळेत रंगपेटी उघडलेल्या कोणालाही हे कळेल, पण विकत घ्यायला गेल्यावर आठवत नाही. पांढऱ्या मोत्याचा रॅप याच कारणाने जुन्या दातांसारखा दिसतो. बेस ड्रम कायम खिडकीपाशी ठेवलेला, टॉम पिशवीत किंवा पलंगाखाली, असं चाळीस वर्षं चाललं तर एकाच रंगाचे तीन ड्रम तीन रंगांचे होणारच. खात्री करायची रीत सोपी आहे. शेलच्या आतून एका लगचे स्क्रू सोडवावेत आणि लग उचलावा. त्याच्या खाली ऊन कधी पोहोचलेलं नसतं, त्यामुळे तिथे दुकानातून आला त्या दिवशीचा रंग असतो. लगच्या खालचा आणि बाहेरचा रंग सारखाच असेल तर रॅप अलीकडे चढवलेला असू शकतो, किंवा त्या ड्रमला ऊनच लागलेलं नसेल. एकच लग काढावा, सगळे नव्हेत. आणि काढलेले स्क्रू-वॉशर त्याच लगबरोबर एका वाटीत ठेवावेत. वॉशरने लाकडात उमटवलेला गोल दाब हाही एक पुरावा आहे. बाहेर लग आहे पण आत वॉशरची गोल खूण बाजूला सरकलेली दिसली, तर त्या लगची जागा कधीतरी बदलली आहे.

रॅपचा जोड तर आकड्यांपेक्षाही बोलका. साठीच्या दशकात लुडविग शेल घडवतानाच रॅप त्यावर चढवायचं, आणि त्याचं टोक बाहेरच्या पापुद्र्याच्या जोडात आत खोचलेलं असायचं. त्यामुळे जोडावर बोट फिरवलं तर एक बारीक रेघ लागते, पायरी लागत नाही. घरी किंवा दुकानात नंतर रॅप चढवणाऱ्याला टोकावर टोक ठेवून चिकटवावं लागतं, आणि तिथे नखाला पायरी लागते. १९६८चा ड्रम आणि जोडावर पायरी, तर मग आतले शिक्के कितीही खरे असले तरी बाहेरचा रंग खरा नाही. नेपरव्हिलच्या तिन्ही ड्रमवर बोट सरळ फिरलं होतं. मुलाने बोट फिरवलंच नव्हतं. तो आकडे वाचत होता.

शेलच्या ज्या कडांवर हेड, म्हणजे वाजवायचं ताणलेलं कातडं, टेकतं त्यांच्याकडे यायला हवं, कारण आवाज तिथे असतो आणि भाव मात्र रंगाला मिळतो. जुन्या लुडविगची कड बाहेरून गोलसर, आतून उताराची आणि शेवटी हाताने घासलेली. त्यामुळे ती सगळीकडे सारखी नसते. हेड काढून ड्रम जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवावा, खोलीतला दिवा घालवावा आणि ड्रमच्या आत टॉर्च ठेवावा. कडेखालून उजेडाची पातळ चीर दिसली तर तिथे कड दबलेली आहे. कागद सरकेल एवढी चीर चालते. पोस्टकार्ड सरकलं तर त्या जागी हेड कधीच नीट ताणलं जाणार नाही आणि ड्रम एका सुरात लागणार नाही. मग मोजपट्टी घेऊन काटकोनात दोन व्यास मोजावेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे शेल किंचित अंडाकृती झालं आहे. उन्हात ठेवलेल्या किंवा वजनाखाली दबलेल्या ड्रमचं असं होतं. नवीन हेड हाताने ठेवलं की आपोआप खाली बसायला हवं. अडकलं, तर शेल गोल नाही, किंवा रॅपची जाडी कडेपर्यंत आल्याने घेर वाढला आहे. कोणी कड पुन्हा कापून घेतली असेल तर लाकडाचा रंगच सांगतो. रिंगचं बाकीचं लाकूड मधासारखं आणि कड तेवढी ताज्या पोळीसारखी पांढरी. कापलेली कड वाजायला कदाचित सरस असेल, पण ते जुनं लुडविग नाही, आणि किंमत त्या हिशेबाने कमी द्यावी.

धातूच्या भागांसाठी लोहचुंबक खिशात असावा. साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लुडविगच्या टॉमचे हूप, म्हणजे हेड दाबून धरणारी कडी, पितळेचे असायचे, मग पोलादाचे झाले. १९६८च्या टॉमच्या हूपला चुंबक चिकटायला हवा. एका हूपला चिकटतो आणि दुसऱ्याला नाही, तर एक हूप दुसऱ्या घरचा आहे. स्नेअरच्या, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमच्या, बाबतीत चुंबक दगा देतो. लुडविगच्या क्रोमवाल्या ‘सुप्राफोनिक’ स्नेअरचं शेल आधी पितळेचं होतं आणि १९६३च्या सुमाराला अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं झालं. दोन्हींना चुंबक चिकटत नाही. तिथे वजन करावं आणि खड्डे बघावेत. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. फोड येतात, फुटतात आणि खाली पांढरी भुकटी दिसते. पितळ गंजलं तर हिरवट होतं. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत काढलेला सुप्राफोनिक अंगावर देवीचे वण असल्यासारखा दिसतो, आणि कित्येकजण तो टाकाऊ समजतात. वाजवून बघा, आवाजाला त्या वणांनी काही होत नाही.

लुडविगचं हे शहाणपण दुसऱ्या कंपनीला लावू नये. रॉजर्सचे जुने, पातळ पत्र्याचे ‘ब्रेड अँड बटर’ लग कोपऱ्यात तडकतात, म्हणून तिथे सगळ्यात आधी भिंग. ग्रेचच्या शेलच्या आत चंदेरी रंग नसला तर प्रश्न विचारावा, आणि शेल मापापेक्षा अंमळ मोठं निघून आजचं हेड घट्ट बसलं तर विचारू नये. १९६८पूर्वीच्या इंग्लिश प्रीमियरवर आजची हेड बहुधा बसत नाहीत, कारण त्यांची मापंच वेगळी होती. गोव्यातल्या एखाद्या माडीवर असा प्रीमियर सापडला तर आनंद व्हावा, पण हेड कुठून आणायची याचा विचार आधी करावा.

काही विसंगती खरोखरच लबाडीच्या असतात, त्यांना कारखान्याच्या पदराआड लपू देऊ नये. खोली कमी करायला कापलेल्या बेसला एका टोकाची रिंग नसते, किंवा असली तरी तिचं लाकूड दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. फ्लोअर टॉमचा बेस केलेला असेल तर पायांच्या ब्रॅकेटची तीन जागांची छिद्रं बुजवलेली सापडतात. नंतर पाडलेलं छिद्र बाहेरच्या रॅपच्या कडेला फाटलेलं असतं आणि लगांच्या अंतराशी त्याचं काही नातं नसतं. कारखान्याचं छिद्र चुकलं तरी नेमकेपणाने चुकतं.

पुढच्या शनिवारी तो मुलगा पुन्हा आला. खिशात चुंबक होता, हातात ड्रमची चावी, बरोबर स्टीलची मोजपट्टी. म्हाताऱ्याने काही न विचारता गराजचं दार वर केलं. मुलाने आधी जोडांवर बोट फिरवलं. बिल्ल्यांची आतली टोकं पाहिली. टॉमच्या वरच्या हूपला चुंबक लावला, तो चिकटला नाही. “हा मात्र मूळचा नाही,” तो म्हणाला. म्हाताऱ्याने डोळे बारीक करून थोडा विचार केला आणि कबूल केलं, की एका लग्नात वाजवताना हूप वाकला होता आणि बँडमधल्या कोणीतरी जुन्या टॉमचा काढून दिला होता. त्याला ते आठवायला पन्नास वर्षं मागे जावं लागलं. मग बेस आडवा करून मुलाने खिडकीकडच्या, सगळ्यांत हिरव्या बाजूचा लग सोडवला. स्क्रू करकरले. लग हातात आला आणि जुन्या रॅपचा कापरासारखा मंद वास सुटला. शेवाळी हिरव्याच्या मधोमध लगच्या आकाराचा गर्द निळा ठसा होता, बाजूच्या टॉमपेक्षाही निळा.

म्हातारा खाली वाकला. त्याने त्या ठशावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहिला. मुलगा वाटीतले वॉशर मोजत होता. लग परत बसवताना तो आवळायला लागला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. “तिथे थांब,” तो म्हणाला. “लाकूड दबतं.”